कोणता तांबडा खरा? माथेरानच्या जुन्या स्लाइड्स दुरुस्त करताना

खोपोलीजवळ द्रुतगती मार्गालगत इमॅजिका २०१३ साली सुरू झाले, तेव्हा लोकांच्या हातात डिजिटल कॅमेरे आणि मोबाइल आलेले होते. त्या थीम पार्कचे रंग फिल्मवर फारसे उतरलेच नाहीत, त्यामुळे ते उडून जाण्याची चिंताही नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात या पट्ट्यातले सुट्टीचे ठिकाण म्हणजे कर्जत तालुक्यातले माथेरान. नेरळहून निघणारी मिनी ट्रेन, दस्तुरी नाक्यावरचे घोडे, पॅनोरमा पॉइंटवरची सकाळ, शार्लोट तलाव हे सारे तेव्हा ३५ मिलिमीटरच्या स्लाइडवर टिपले जाई आणि घरी पांढऱ्या चादरीवर पाहुण्यांना दाखवले जाई. कोथळीगड, ढाक, नागफणी करणाऱ्या गिर्यारोहकांचे स्लाइड शो तर वेगळेच. आज त्या पेट्या उघडल्या की बहुतेक चौकटी गुलाबी-तांबूस झालेल्या दिसतात. संगणकावर घेऊन हा तांबूसपणा घालवणे अवघड नाही. पण माथेरानच्या बाबतीत एक पेच आहे. तिथली जांभ्याची माती मुळातच तांबडी. एकाच चौकटीत दोन तांबडे असतात, एक जमिनीचा आणि एक रसायनाच्या ऱ्हासाचा. दुसरा काढताना पहिला हातून जाऊ द्यायचा नसेल, तर आवडीनिवडीवर किंवा आठवणीवर विसंबून चालत नाही. पुरावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा त्याच पेटीत सापडतो.

आधी झीज नेमकी कशाची होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी कृती त्यावर ठरते. रंगीत स्लाइडमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात: पिवळे, किरमिजी आणि सायन म्हणजे निळसर-हिरवे. सायनचे काम लाल प्रकाश अडवण्याचे. बऱ्याचशा जुन्या फिल्ममध्ये, अंधारात ठेवली तरी, सायन आधी विरते. ते विरले की लाल प्रकाश अडवणारे कोणी उरत नाही आणि चित्र तांबूस दिसू लागते. म्हणजे स्लाइडवर तांबडे काही ‘चढलेले’ नसते. तांबड्याला धरून ठेवणारे काही गेलेले असते. यातून निघणारा निष्कर्ष सहज लक्षात येत नाही. ज्या वस्तूत मुळातच सायन जास्त होते, तिचा रंग जास्त बिघडतो. निळे आकाश फिकट गुलाबी होते, झाडांची पाने पिवळट तपकिरी होतात, सावल्या काळ्याऐवजी कुंकवासारख्या दिसतात. तांबडी माती मात्र मुख्यतः पिवळ्या आणि किरमिजी द्रव्यांनी बनलेली असते, तिच्यात सायन थोडेच. त्यामुळे उडालेल्या स्लाइडमध्ये सर्वांत कमी बिघडलेली गोष्ट बहुधा माथेरानची माती असते. नेमकी तीच सर्वांत जास्त संशयास्पद वाटते आणि दुरुस्त करणारा पहिला हात तिच्यावरच टाकतो.

म्हणूनच संगणकातले ‘ऑटो कलर’चे बटण इथे घात करते. अशी स्वयंचलित दुरुस्ती बऱ्याचदा एका गृहीतकावर चालते: चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती साधारण राखाडी यावी. शहरातल्या रस्त्याच्या किंवा लग्नाच्या फोटोत हे बऱ्यापैकी खरे ठरते. पण अर्धी चौकट तांबड्या वाटेने भरलेली असेल, तर यंत्राला ती वाट म्हणजेच दोष वाटतो. ते सगळ्या चौकटीतून सारखाच लाल उपसून काढते. माती मग विझलेल्या चुलीतल्या राखेसारखी होते आणि घोडेवाल्याचा पांढरा सदरा निळसर पडतो. सावल्यांतला खरा दोष, जिथे सायन सर्वांत जास्त हवे होते, तो तसाच राहतो.

कामाला बसण्यापूर्वी पेटीतल्या स्लाइड्स फिल्मच्या जातीनुसार वेगळ्या कराव्यात. माउंटवर नाव छापलेले असते: कोडाक्रोम, एक्टाक्रोम, आग्फा, फुजी, आणि आपल्याकडे पूर्व जर्मनीची ओरवोही मिळे. कोडाक्रोमचे रसायन इतरांहून निराळे होते. तिच्यात रंगद्रव्ये फिल्म धुताना बाहेरून घातली जात, फिल्ममध्ये रंग तयार करणारी रसायने मागे उरत नसत. त्यामुळे अंधारात ठेवलेली कोडाक्रोम अर्ध्या शतकानंतरही आश्चर्यकारक टवटवीत निघते. प्रोजेक्टरच्या प्रकाशात मात्र ती लवकर फिकी पडते. ही फिल्म १९३५ ते २००९ या काळात विकली गेली आणि २०१० च्या अखेरीस तिचे धुणेही जगभर थांबले. माउंट तिरका धरून उजेडात पाहिला की कोडाक्रोमच्या एका बाजूवर चित्राची उठावदार नक्षी दिसते, तीही तिची खूण. त्याच सहलीची एखादी कोडाक्रोम पेटीत असेल तर तिला आधी बाजूला काढावे. तीच पुढे आपली साक्षीदार. माउंटवर महिना-वर्षाचा शिक्का असल्यास तोही टिपून घ्यावा. तो धुण्याचा असतो, टिपण्याचा नव्हे, आणि दोहोंत काही महिन्यांचे अंतर असू शकते. तरी ऋतू ठरवायला तो उपयोगी पडतो, आणि ऋतूचे काम पुढे येणारच आहे.

सफाईबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. कर्जत-खालापूरला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माथेरानच्या माथ्यावर त्याहूनही अधिक. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की स्लाइडवरच्या जिलेटिनवर बुरशी वाढते. जिलेटिन हे तिचे अन्नच. जिथे बुरशी लागली तिथले जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगे होते, म्हणून ओल्या फडक्याने पुसलेली बुरशी चित्रासकट निघून येते. पाणी नको, साबण नको, तोंडाची वाफही नको. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवावी, मग मऊ कुंचल्याने झटकावे. बुरशी असेल तर ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती बोळ्यावर किंचित घेऊन, एका टाकाऊ स्लाइडवर पाहून, मगच हलक्या हाताने फिरवावे. औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे अल्कोहोल चालत नाही, उरलेले ३० टक्के पाणीच असते. काचेच्या माउंटमध्ये दोन काचांच्या मध्ये ओल कोंडते. असे माउंट उघडून फिल्म साध्या प्लास्टिक माउंटमध्ये घालावी. बुरशीने खाल्लेला भाग कशानेही परत येत नाही, तो डाग म्हणून स्वीकारावा.

आता डिजिटल प्रत. स्लाइड स्कॅनर असेल तर उत्तम. नसेल तर मॅक्रो लेन्सचा कॅमेरा, स्टँड आणि चांगल्या रंगदर्शनाचा एलईडी प्रकाशफलक पुरतो. फलकाच्या वेष्टनावर ‘सीआरआय’ ९५ किंवा जास्त लिहिलेले असावे. मोबाइलचा पांढरा पडदा खाली ठेवून काढलेल्या प्रतीत पडद्याचे ठिपके उमटतात. चार हजार डीपीआयला ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीची सुमारे २१ मेगापिक्सेलची प्रत निघते आणि स्लाइडमधला बहुतेक तपशील तिच्यात येतो. ती १६ बिटच्या टिफमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या रॉ स्वरूपात घ्यावी. १६ बिटची एक प्रत सुमारे १२८ एमबीची होते, पाचशे स्लाइड्सना ६४ जीबी लागतात. हा खर्च वाचवून ८ बिटचे जेपीईजी घेतले, तर प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या हाती येतात. विरलेला रंग त्यातल्या मोजक्याच पायऱ्यांत कोंडलेला असतो. तो ताणायला गेले की आकाशात पट्टे पडतात. धूळ ओळखून पुसणारी इन्फ्रारेड सोय एक्टाक्रोमवर छान चालते, पण कोडाक्रोमवर ती बंदच ठेवावी, कारण तिथे ती चित्राचाच भाग धूळ समजून पुसू शकते.

इथे एक चूक हमखास होते. उडालेल्या स्लाइडमधून लाल प्रकाश भरमसाट येतो आणि तांबड्या मातीतून त्याहून जास्त. कॅमेऱ्याचा एकत्रित आलेख (हिस्टोग्राम) सगळे ठीक दाखवतो आणि लाल वाहिनी, म्हणजे रेड चॅनल, तिकडे केव्हाच काठोकाठ भरून सांडलेली असते. सांडलेला तपशील नंतर कुठल्याही युक्तीने परत मिळत नाही. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहून, लाल उजव्या काठाला चिकटणार नाही इतकी प्रत गडद घ्यावी. पडद्यावर ती मलूल दिसेल, दिसू द्यावी.

आता पुराव्याचा भाग. चौकटीत असे काही शोधायचे, ज्याचा रंग आपल्याला पत्त्यासकट माहीत आहे. पहिला साक्षीदार स्लाइडची कडा. रिव्हर्सल म्हणजे स्लाइडच्या फिल्मवर ज्या भागाला प्रकाश लागलाच नाही, तो धुतल्यावर गर्द काळा होतो. दोन चौकटींमधली पट्टी तशीच असते. माउंटखाली झाकलेला तिचा काठ आज कुंकवासारखा दिसत असेल, तर सायन किती गेले त्याचे ते थेट माप आहे, कारण तिथे कुठल्याही दृश्याचा, उन्हाचा, मातीचा संबंध नाही. निदान एका स्लाइडचा माउंट उघडून हा काठ प्रतीत घ्यावाच. दुसरा साक्षीदार नेरळ स्थानकाची पाटी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे ही रेल्वेची सार्वत्रिक पद्धत. पिवळ्यात सायन जवळजवळ नसते, म्हणून उडालेल्या स्लाइडमध्येही पाटी बऱ्यापैकी पिवळीच राहते. काळ्या अक्षरांत तिन्ही द्रव्ये असतात, म्हणून ती लालसर तपकिरी होतात. अक्षरे पुन्हा काळी होतील आणि पाटीचा पिवळा हलणार नाही, इतकीच दुरुस्ती बरोबर. तिसरा साक्षीदार उन्हातला पांढरा सदरा किंवा चुन्याची भिंत. सावलीतला पांढरा मात्र फसवतो, त्याच्यावर आकाशाचा निळा पडलेला असतो. रुळांखालची खडी काळ्या पाषाणाची, म्हणून राखाडी असायला हवी. पण या लोहमार्गाच्या खडीवर तांबडी धूळ बसते, तेव्हा तिची साक्ष जपूनच घ्यावी. रुळाचा घासून चकाकणारा माथा आकाश परावर्तित करतो, तोही तसाच. नेरळच्या बाहेर एखादी एसटी उभी असेल तर ‘लाल डब्या’चा लाल आणि मातीचा तांबडा शेजारी ठेवून पाहावेत. दुरुस्तीनंतर दोन्ही एकसारखे दिसू लागले असतील, तर कुठेतरी हात जड पडला आहे.

ज्या चौकटीत नुसती वाट आणि झाडे आहेत, तिच्यात यातले काहीच नसेल. अशी चौकट एकटी कधीच दुरुस्त करू नये. एकाच रोलवरच्या, एकाच पेटीत राहिलेल्या चौकटींची झीज जवळपास सारखी असते. म्हणून त्या रोलमधली पाटी, सदरा किंवा काळी कडा असलेली चौकट आधी बसवावी, तिची आकडेवारी जतन करावी आणि तीच पुऱ्या रोलला लावावी. मातीचा खरा रंग मग आपण ठरवत नाही, तो आपोआप उमटतो. अपवाद एकच: घरात वारंवार दाखवलेल्या आवडत्या चौकटी. प्रोजेक्टरच्या प्रकाशाने एक्टाक्रोमसारख्या फिल्ममधले किरमिजी द्रव्य आधी जाते आणि चित्र हिरवट होते. अंधारातली आणि उजेडातली अशा दोन्ही झिजा ज्या स्लाइडवर बसल्या आहेत, तिला रोलचे आकडे लागू पडत नाहीत. तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

प्रत्यक्ष दुरुस्ती गिंप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही होते. ‘लेव्हल्स’मध्ये जाऊन लाल वाहिनी निवडावी. तिच्याखाली तीन त्रिकोण दिसतात: काळा, मधला राखाडी, पांढरा. बहुतेक मार्गदर्शिका काळा त्रिकोण आत ओढायला सांगतात. सुरुवात मधल्यापासून करावी, असे माझे मत आहे. रंगद्रव्य साधारणपणे प्रमाणात विरते. जिथे ते जास्त होते तिथून जास्त जाते, जिथे नव्हते तिथून जायला काही नसतेच. मधल्या त्रिकोणाची चाल याच जातीची आहे. पांढरा जागेवर राहतो, मधल्या आणि गडद छटा वाढत्या प्रमाणात खाली येतात. मातीची लाल वाहिनी पांढऱ्याच्या जवळ असते, म्हणून तिला धक्का कमी लागतो. झाडे आणि सावल्या मात्र सावरतात. काळी कडा काळी होण्याच्या आसपास आली की उरलेली कसर काळ्या त्रिकोणाने भरून काढावी. मग हिरव्या आणि निळ्या वाहिनीत तेच, पण बोटभर. उजळ भागात पिवळट डाग उरला असेल तर निळ्या वाहिनीचा पांढरा त्रिकोण किंचित आत घ्यावा. एवढ्याने सावल्यांत रंगीत दाणे उठतील. ते विरलेल्या द्रव्याचे मोल आहे. थोडे दाणे चालतात, गुळगुळीत करण्याच्या नादात झाडांचा चिखल होतो.

‘एवढा खटाटोप कशाला, आता कृत्रिम बुद्धिमत्ता चुटकीसरशी करून देते,’ असे कोणी म्हणेल. ती देते हे खरे, आणि दिसतेही देखणे. पण अशी प्रणाली या स्लाइडमध्ये काय उरले आहे ते मोजत नाही, अशा चित्रांत साधारणपणे काय असते ते भरते. तिच्या दृष्टीने डोंगरावरची झाडी हिरवीगार असते. माथेरानची गाडी मात्र पावसाळ्यात नेरळहून वर जात नाही, त्यामुळे त्या प्रवासाच्या स्लाइड्स बहुतेक ऑक्टोबर ते मेच्या. ऑक्टोबरचा हिरवा आणि मेचा धुळकट, पिवळट हिरवा यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि माउंटवर एप्रिलचा शिक्का असेल तर यंत्राने घातलेली पोपटी पालवी ही बहुधा थापच ठरते. भिंतीवर लावायला एखादी प्रत तशी करून घ्यायला हरकत नाही. तिला मूळची दुरुस्ती म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फिल्म तरी कुठे खरी होती? कोडाक्रोमचा लाल भडक, आग्फाचा तपकिरीकडे झुकणारा, आणि ओली माती कोरडीहून गडद. मग ‘खरा’ तांबडा म्हणजे कोणता? याचे उत्तर असे, की आपण माथेरान दुरुस्त करत नाही, स्लाइड दुरुस्त करतो. धुऊन आलेल्या दिवशी ती जशी होती तिथपर्यंत परत जाणे एवढेच उद्दिष्ट. फिल्मचा स्वभाव हा दोष नव्हे. म्हणून आज माथेरानला जाऊन मातीचा फोटो काढून त्याच्याशी जुनी स्लाइड जुळवणे, हा उत्साह चुकीच्या दिशेचा आहे. तीच गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीची. माणसाच्या आठवणीत आकाश जास्त निळे आणि माती जास्त लाल होत जाते. आजोबांना विचारावे ते चौकटीत कोण आहे, कोणते वर्ष, इंजिन वाफेचे की डिझेलचे हे. मातीची छटा विचारू नये.

आणि ज्यांना तो गुलाबी रंगच जुन्या काळाचा वाटतो, त्यांच्याशी वाद नाही. न बदललेली प्रत तशीच जपून ठेवावी. पण तो रंग त्या काळाचा नाही, आपल्या कपाटातल्या उन्हाळ्यांचा आहे. दुरुस्तीला कारणही केवळ हौसेचे नाही. मिनी ट्रेन १९०७ पासून धावते आहे आणि तिच्यावरची वाफेची इंजिने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. २६ जुलै २००५ च्या पावसाने लोहमार्ग वाहून नेला, तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. अलीकडे दस्तुरीकडून बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर पेव्हर ब्लॉक आले. पूर्वी ती वाट कशी होती, डब्यांना कोणता रंग होता, हे उद्या कोणी विचारले तर घरगुती स्लाइड्स हाच पुरावा. म्हणून दुरुस्त प्रतीच्या नावात फिल्मची जात, शिक्क्यावरचा महिना आणि कोणत्या चौकटीवरून रंग बसवला ते लिहावे. न बदललेली प्रत ‘मूळ’ म्हणून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि त्यातली एक दुसऱ्या घरी द्यावी. काम दुकानात देणार असाल, तर स्वयंचलित दुरुस्ती बंद ठेवलेली १६ बिटची टिफ मागावी आणि आधी एकच स्लाइड देऊन पाहावी.

प्रत झाली म्हणून स्लाइड टाकू नये. पुढच्या पिढीचा स्कॅनर तिच्यातून आजच्यापेक्षा जास्त काढेल. झिजेचा वेग उष्णतेवर चालतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की तो साधारण निम्मा होतो. पत्र्याखालचा माळा, जिथे या पेट्या बहुधा असतात, ही घरातली सर्वांत वाईट जागा. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशीला टेकतो, माळ्यावर त्याहून वर जातो. आतल्या खोलीतले, जमिनीपासून वर असलेले लाकडी किंवा लोखंडी कपाट त्यामानाने बरे. खऱ्या मोलाच्या वीस-पंचवीस स्लाइड्स मृग लागण्याआधी, कोरड्या हवेत, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट बंद होणाऱ्या दोन पिशव्यांत एकात एक घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पुडीतल्या दाण्यांचा रंग बदलला की ती बदलावी. पिशवी बाहेर काढली की दुसऱ्या दिवसापर्यंत उघडू नये. गार स्लाइडवर खोलीतली दमट हवा लागली की दव धरते, आणि बुरशीला तेवढी ओल पुरते.